खाडीत वाजलेली घंटा

ठाण्याला आगगाडी येऊन एक पिढी उलटली होती, तरी चेंदणीच्या बंदरात अजून शिडाची गलबतंच लागायची. बंदराच्या वरच्या अंगाला त्र्यंबकराव प्रधानांचं घर होतं आणि परसातल्या केळी तोडून ते तिथे वाफेची बोट बांधत होते. रेल्वेच्या कारखान्यातली नोकरी त्यांनी याच वेडापायी सोडली. जुने पत्रे ठोकून बोटीचं अंग केलं, बॉयलर बसवला. त्यांची बायको गंगूबाई हे सगळं सोसत राहिली. तिला बोटीचा राग नव्हता, लोकांच्या विचारण्याचा होता. हळदीकुंकवाला गेली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय हो, तुमची आगबोट विलायतेला कधी निघणार?" आणि तिचा चेहरा उतरायचा.

त्या बोटीत त्र्यंबकरावांचा जीव होता तो विजेच्या घंटेत. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं तर बॉयलर फुटतो, माणसं मरतात. म्हणून त्यांनी आतल्या पाण्यावर तांब्याचा पोकळ गोळा सोडला होता. पाणी उतरलं की गोळा उतरे, तारेचं टोक लोखंडाला टेके आणि सुकाणूपाशी घंटा वाजे. वीज एका तारेनं जायची आणि बोटीच्या लोखंडी अंगातून परतायची. परसात त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. कधी चुकली नाही.

बोट पाण्यात सोडली त्या दिवशी सगळी चेंदणी लोटली. सुकाणूवर काळुराम तांडेल होता. भोंगा झाला, बोट खाडीच्या मध्यावर गेली आणि घंटा खणखणू लागली. त्र्यंबकरावांनी घाईनं विस्तव ओढून काढला. पाणी पाहिलं तर हवं तेवढं होतं. पुन्हा जाळ केला, पुन्हा वाफ धरली, पुन्हा घंटा.

"आरती झाली का रे? प्रसाद आणा!" काठावरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. तोवर ओहोटी लागली आणि बोट चिखलात रुतली. त्र्यंबकराव गुडघाभर गाळात उतरून ती ढकलू लागले. धोतर, हात, मिशा, सगळं काळं.

गंगूबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. कल्याणहून पाहुणी आलेली एक बाई हसत तिच्याकडे वळली. "कोण हो हे गृहस्थ?"

"कोण जाणे," गंगूबाई म्हणाली. "मी आपली देवळात निघालेय."

आणि ती खरंच निघाली. वळताना तिची नजर खाडीकडे गेली. त्र्यंबकराव तिच्याकडेच पाहत होते.

घरी आल्यावर त्यांनी अंगावरचा गाळ धुतला. जेवले, उठले. बोलले असते तर बरं, असं तिला झालं. पुढे कितीतरी दिवस ते भरतीच्या वेळी एकटेच बोटीत जाऊन बसत. मग एकदा दारातून म्हणाले, "जरा येतेस का? घंटेपाशी कुणीतरी हवंय."

ती गेली. त्यांनी गोळ्याकडची तार सोडवली. आता घंटेनं वाजायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी बोट अंगानं डोलवली आणि तरी घंटा वाजली.

"म्हणजे गोळा बरोबर आहे. खोट तारेत आहे."

तार कोळशाच्या पेटीपाशी जोडलेली होती. त्यांनी तो जोड सोडला, बोट डोलवली. घंटा गप्प. म्हणजे पेटीपासून बॉयलरपर्यंतचाच तुकडा. पेटी सरकवल्यावर दिसलं: तिथे तार लोखंडी कडेवरून गेली होती आणि घासून घासून तारेवर गुंडाळलेलं सूत उडालं होतं. बोट कलली की उघडी तार लोखंडाला लागायची. परसात बोट कलणार कशी?

"इतकंसं," ते म्हणाले. "आणि मी गावभर हसं करून घेतलं."

गंगूबाईला राहवलं नाही. "त्या दिवशी एकीनं मला विचारलं, हे कोण म्हणून. मी म्हटलं, कोण जाणे."

ते तारेला मेणकापड गुंडाळत होते. हात थांबले नाहीत. "तू गेलीस ते पाहिलं होतं. हे ठाऊक नव्हतं."

"रागवा तरी."

"कुठल्या तोंडानं? पाय गाळात नसते तर मीही निघून गेलो असतो."

तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या खेपेला ती हट्टानं बोटीत बसली. मुंब्र्याच्या अलीकडे घंटा वाजली. त्र्यंबकरावांचा चेहरा पडला. "परत तेच!" म्हणत ते तार उपटायला धावले. गंगूबाईनं त्यांचा हात धरला. "अहो, आधी पाणी तर बघा."

पाणी तळाला गेलं होतं. पंपात गाळ अडकला होता. त्यांनी विस्तव फावड्यानं खाडीत लोटला. "घंटेनं वाचवलं," काळुराम म्हणाला.

मग वल्ही मारत, रेटत, ते चेंदणीला परतले. काठावरच्यांना काय कळणार? त्यांना दिसली ती पुन्हा बंद पडलेली आगबोट. पुन्हा हशा, पुन्हा आरती. गंगूबाईचे कान तापले, पदर तिनं डोळ्यांपर्यंत ओढला. लाज वाटायची ती वाटलीच. पण बोट बंदराला लागेपर्यंत ती जागची हलली नाही, आणि त्र्यंबकराव उतरले तेव्हा त्यांच्या मागोमाग, सगळ्यांच्या देखत, चिखलात उतरली.