मध्यंतराला संपलेला पिक्चर

मध्यंतरालाच पिक्चर संपला असं समजून मी एकदा माझ्या धाकट्या जावेला थिएटरातून उठवून घरी आणलं. सहा-सात वर्षं झाली. तेव्हा मी तरुण होते, साठी लागायची होती, आणि आपल्याला सगळं कळतं याची पक्की खात्री होती.

पिक्चर कबड्डीचा. कबड्डी म्हणजे पोरांनी कपडे मळवायचं निमित्त, एवढंच माझं ज्ञान. जळगावला साड्या घ्यायला गेलो होतो, बाहेर मरणाचं ऊन आणि आत एसी, म्हणून शिरलो. पण त्यातली ती काटकुळी पोरगी माझ्या मनात बसली. शेवटच्या चढाईत तिला सात जणींनी दाबलं, संघ हरला. घरी येऊन ती कोणाशी बोलली नाही. मोरीत बसून आपला टीशर्ट घासून घासून धुतला आणि दोरीवर टाकला. दिवे लागले, लोक उठले.

"अक्का, बठ्ठा पिच्चर सरना का?" माझी जाऊ धुळ्याकडची, सगळा संपला का विचारत होती.

"हरली ना. आता काय राह्यलं? ऊठ, असोद्याची बस जाईन."

दारात लोक पॉपकॉर्न घेऊन परत आत चालले होते. तेही मी पाहिलं. पुढचा खेळ असेल, म्हटलं.

मग वर्षानुवर्षं मी हा पिक्चर अख्ख्या गल्लीला सांगितला. बाई हरते आणि धुणं धुते, असा पिक्चर दुसऱ्या कोणी काढलाय का, म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात नात शाळेकडून कबड्डी खेळायला धुळ्याला गेली. शेवटची चढाई तिचीच, आणि पकडली गेली. घरी येऊन बॅग फेकली, पालथी पडली, म्हणाली, आता नाही खेळणार. तिच्या बापाला, माझ्या मुलाला, तेच हवं होतं.

"बरं झालं. दहावी आली. धुळ्यापर्यंत जाऊन हसू कशाले करून घ्या?"

"तू बारावीले दोनदा बसला, तवा तुले कोणी घरी बसवलं का?" मी म्हटलं. "पोरगी खेळीन. अन् धुळ्यालेच खेळीन."

त्याने चपला घातल्या. नात उठून बसली. "आजी, तुला कबड्डीतलं काय कळतं?"

"काहीच नाही," म्हटलं, आणि तिला माझा पिक्चर सांगितला, टीशर्ट दोरीवर पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर तो शोधून काढला आणि आम्हा दोघी जावांना शेजारी बसवून लावला.

टीशर्टनंतर पिक्चर आणखी सव्वा तास होता. प्रशिक्षक बदलला, एक गाणं झालं, आणि त्याच सात जणींना ओढत ती पोरगी रेषेपर्यंत गेली. जिंकली. ढोल वाजले. जाऊ पदरात तोंड घालून हसत होती.

मी कशाला माघार घेते? माझाच पिक्चर खरा, मी सांगून टाकलं. जिंकलेली सगळेच दाखवतात. हरल्यावर तोच टीशर्ट पुन्हा अंगात घालायला काय लागतं, ते मला ढोलाशिवाय कळलं होतं.

नातीने मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आजी, तो शेवट खोटाच आहे, सात जणींना कोणी ओढत नेत नसतं. मी बोनस गुणाच्या नादात पाय लांब टाकला, तिथंच फसले. पप्पांना सांग, सोमवारी सकाळी सहाला मैदानावर सोडायचं."