भुकेल्यांसाठी फराळी उपवास

जगातल्या भुकेला आमच्या मावसभावाने जेवढा दम दिला, तेवढा आजवर कुठल्याही सरकारने दिलेला नाही. बडोद्यात एम.ए. करताना त्याने होस्टेलची पोरं गोळा करून समिती काढली आणि दर शनिवारी आम्ही तीसेक जण गरम शेव-उसळ खात आफ्रिकेची काळजी करू लागलो. तो बोलायला उभा राहिला की भिंतीवरची पाल शेपूट मागे ठेवून पळे. झोपेतही परिस्थितीवर नजर राहावी म्हणून त्याने पलंगाच्या बरोबर वर, छताला, जगाचा नकाशा चिकटवला होता. तो नकाशा एकदा मध्यरात्री त्याच्या तोंडावर पडला, तर पठ्ठ्या अंधारात म्हणतो, "जगाचा भार कुणीतरी घ्यायलाच हवा."

एक दिवस त्याने फर्मान काढलं: सगळ्यांनी उपवास करायचा आणि होस्टेलचं रात्रीचं जेवण गोरव्याला, एका बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांत न्यायचं. पोटात खड्डा पडल्याशिवाय भूक कळत नाही म्हणे. एका राजकोटच्या पोराने हळूच विचारलं, "भाई, फराळी तो चालशे ने?" मावसभावाने डोळे मिटले, संपूर्ण मानवजातीचा विचार केला आणि म्हणाला, "चालेल. आपल्याला भूक समजून घ्यायचीय, मरायचं नाहीये." झालं. साबुदाण्याची खिचडी, राजगऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शिंगाड्याचा शिरा! चार वाजेपर्यंत भुकेचा एवढा सखोल अभ्यास झाला की दोघांना अजीर्ण झालं.

दिवसाचा कार्यक्रम त्यानेच लिहून भिंतीला लावला होता. शेवटची ओळ होती, 'सूर्यास्ताला उपवासाची सांगता.' मेसच्या महाराजांनी खिचडी, कढी आणि भाखऱ्या करून पातेली भरून ठेवली होती. मावसभाऊ टेम्पो घेऊन पुढे गोरव्याला गेला, ते झोपडीझोपडीत सांगायला, "बेन, आज चूल पेटवू नका. जेवण आम्ही आणतो." इकडे सूर्य मावळला. समिती भिंतीवरचा कागद वाचू लागली. "सांगता म्हणजे जेवणच की," असं कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी म्हणजे मी.

तो परतला. "चला, पातेली चढवा."

"घासायला टाकलीत," मी म्हणालो.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. बोटांना कढी होती. मी तासाभराच्या भाषणाची तयारी करून उभा राहिलो, पण तो एवढंच म्हणाला, "त्यांच्या चुली मी बंद ठेवायला लावल्यात रे." मग स्वयंपाकघरात शिरून फराळातून उरलेले बटाटे आणि मोरैयो, म्हणजे आपली वरी, त्याने स्वतः पोत्यात भरून टेम्पोत टाकली.

गोरव्याला पोचून चूल पेटवली तेव्हा साडेआठ झाले होते. वरी ढवळताना त्याच्याकडून ती बुडाला लागली. एका म्हातारीने त्याच्या हातातला डाव काढून घेतला. "खस, भाई. तने नहीं फावे." सरक, तुला नाही जमायचं. मग पातेल्यात वाकून तिने विचारलं, "आजे शेनो उपवास छे?" कसला उपवास, हे त्या बाईला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"अमारो हतो, माजी," तो म्हणाला. आमचा होता.

वरी शिजेपर्यंत दोन-तीन मुलं झोपून गेली. एकीला तिच्या आईने हलवून पाहिलं, मान इकडची तिकडे झाली, बस. मावसभाऊ तिच्यासाठी वाढलेली थाळी घेऊन बसून राहिला. वरी गार होऊन दगड झाली तरी त्याने थाळी खाली ठेवली नाही.

समिती पुढे वर्षभर चालली. अहवालात तो दिवस 'अत्यंत यशस्वी' आहे; अहवाल मीच लिहिलाय. त्याने मात्र पुन्हा भाषण केलं नाही, आणि खरं सांगू, मला ती भाषणं फार आठवतात. आता तो छाणीला राहतो, कॉलेजात शिकवतो. दारात कुणी आलं की त्याला 'जेवून जा' म्हणायचं असतं. पण आधी तो आत जातो, एकेका पातेल्याचं झाकण उचलून बघतो. वहिनी चिडते. मग तो बाहेर येतो आणि हळूच म्हणतो, "जेवून जा."