आशाच्या हातातला वरवंटा

चतुराबाईला रागाची भीती वाटे, ती लहानपणापासूनच. माहेरी, पिशोरला, शेताच्या बांधावरून वाद झाला, तेव्हा तिच्या बापानं, कडूबानं, सख्ख्या भावाच्या डोक्यात फावडं घातलं होतं. चुलता वाचला, पण एक डोळा गेला. बाप एरवी मुंगीलाही न दुखावणारा माणूस. म्हणूनच तिला जास्त धसका बसला होता.

लग्नानंतर ती औरंगाबादेत आली. नवरा पुंजाराम चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला होता. मुकुंदवाडीत भाड्याची एक खोली, सहा वर्षांची आशा आणि रांगता बन्सी, एवढाच संसार.

एका दुपारी बन्सीनं आशाची खेळातली मातीची चूल मोडली. चतुराबाई मोरीतून वळून बघते तर पोरीनं दोन्ही हातांनी वरवंटा उचललेला, आणि खाली बन्सीचं डोकं. चतुराबाईनं झेप घेऊन तिचे हात धरले. पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. हुबेहूब कडूबा.

तिनं आशाला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि बन्सीला छातीशी धरून ओट्यावर बसली. आत पोर दार बडवत होती, किंचाळत होती. मग सगळं शांत झालं. राग उतरला वाटतं, असं चतुराबाईला आधी वाटलं. पण शांतता काही मोडेना. हाक मारली, ओ नाही. आत विळी होती, हे आठवलं तशी ती दाराकडं धावली. कडी काढून तिनं दार ढकललं.

आशा कोपऱ्यात बसली होती. विळी जागच्या जागी होती. पण पोरीच्या दंडावर दात रुतल्याच्या खुणा होत्या आणि त्यातून रक्त येत होतं.

“आई, म्या बन्सीला नाय मारलं,” ती म्हणाली. “मलाच चावले.”

चतुराबाई तिथंच खाली बसली. ओल्या फडक्यानं दंड पुसताना तिनं पोरीला आजोबांची सगळी गोष्ट सांगितली, काही न लपवता. राग मलाही येतो, हेही सांगितलं. मग विचारलं, “राग येतोय हे तुला आधी अंगात कुठं कळतं गं?”

आशानं आपले तळवे पाहिले. “हाताला. मुंग्या आल्यावानी व्हतं.”

“मंग मुंग्या आल्या की माझ्याकडं यायचं. राग येऊ दे, त्याचं काय नाय. हात माझ्या हातात द्यायचा. कुणाला मारायचं नाय, सोताला बी नाय.”

हे लगेच जमलं नाही. चारच दिवसांत आशानं जेवणाची पितळी भिंतीवर आपटली. चतुराबाईचाच हात वर गेला आणि वरच थांबला. ती स्वतःलाच भ्यायली. तिनं हात खाली घेतला, पोरीपुढं धरला आणि म्हणाली, “धर. आता मला मुंग्या आल्यात.” आशा आधी बावरली, मग तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

पावसाळा संपता संपता एकदा चतुराबाई नळाच्या रांगेत उभी होती. आशा शाळेतून धावत आली, मूठ आवळलेली, तोंड लालबुंद. कुणीतरी तिची पाटी फोडली होती. तिनं मूठ आईच्या हातात दिली. नंबर जवळ आला होता, पण चतुराबाईनं कळशी बाजूला ठेवली आणि पोरीला घेऊन कडेला बसली. मूठ सुटायला वेळ लागला. तोवर चतुराबाईच्या मनातली धाकधूक काही थांबली नव्हती.