गंगाळातले पाणी

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ताजा होता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. नांदेडच्या एका दैनिकाने मला तिथे बातमीदार म्हणून पाठवले. खोली मिळाली ती आमच्याच मंडळीच्या प्रार्थनाघराला लागून. मंडळी म्हणजे तीसेक ख्रिस्ती कुटुंबे. वर पत्रे, मागे एक आड, पुढे भुसार व्यापाऱ्यांची गल्ली.

या मंडळीला स्वतःचा पाळक नव्हता. नांदेडचे पाळक दोन महिन्यांनी एकदा येत, बाप्तिस्मे आणि प्रभुभोजन उरकून संध्याकाळच्या गाडीने परत जात. एरवीचे सगळे काम एक उपदेशक पाहत. वय पन्नाशीचे, पाळकपदाची दीक्षा न मिळालेले, सायकलवरून शिरूर अनंतपाळपर्यंतची घरे करणारे. जिल्हा नवा झाला तेव्हा मंडळीने वरती अर्ज केला: आम्हाला नांदेडपासून वेगळे करा आणि या उपदेशकांना दीक्षा देऊन इथेच पाळक नेमा. एका रविवारी चर्चचे अधीक्षक पाहणीला येतील, असे उत्तर आले. त्यांचे मत प्रतिकूल पडले तर उपदेशकांची बदली भोकरकडे होणार होती, पुन्हा उपदेशक म्हणूनच. त्या वयात दुसऱ्यांदा नाव पुढे जात नाही, हे सर्वांना माहीत होते. ते स्वतः याविषयी कधी बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने मात्र सामानाची ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली होती.

अधीक्षकांना काय दाखवायचे यावर पंच बसले. पंचांत वडील एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांनी सुचवले की इस्राएल लोकांनी रानात उपासनेसाठी उभारलेला निवासमंडप आपण अंगणात उभारावा आणि उपदेशकांनी त्यातल्या वस्तूंवर प्रवचन द्यावे. ते मान्य झाले. पोती शिवून कनात केली. तुपाच्या रिकाम्या डब्यांची होमवेदी झाली. सुताराने सात फाट्यांचा दीपवृक्ष कोरला. मेजावर ज्वारीच्या बारा भाकरींच्या दोन चवडी लागणार होत्या. अंतरपटासाठी एक जांभळे लुगडे मिळाले, तेव्हा पोरी हसून म्हणाल्या, “मंगलाष्टकं कोण म्हणणार, मास्तर?” मास्तर हसले नाहीत. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला होता. होमवेदी म्हणजे वधस्तंभ. भाकर म्हणजे जीवनाची भाकर. दीपवृक्ष म्हणजे जगाचा प्रकाश. धूप म्हणजे प्रार्थना. अंतरपट म्हणजे आपल्यासाठी फाटलेला ख्रिस्ताचा देह. गंगाळ म्हणजे शुद्धी.

गंगाळ कुणाकडेच नव्हते. याजकांनी, म्हणजे पुरोहितांनी, हातपाय धुवायचे ते पितळेचे गंगाळ वेदी आणि मंडप यांच्यामध्ये असते; ते नसेल तर रचना अपुरी राहते. समोरच्या गल्लीतल्या लिंगायत व्यापाऱ्याने ते दिले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. लग्नकार्यात काढायचे गंगाळ होते ते, दोन माणसांनी उचलावे एवढे. “घासून आणून द्या, येवढंच,” अप्पा म्हणाले. गंगाळ त्यांच्याकडून आमच्याकडे येणे ही छोटी गोष्ट नव्हती. तोवर त्या गल्लीतल्या कुणी आमच्या आडाचे पाणी घेतलेले नव्हते.

आडात दिवसाला दहा-बारा घागरी पाझरत. गंगाळ काठोकाठ भरायचे म्हणून चार दिवसांत मिळून प्रत्येक घराने एक घागर कमी नेली. शनिवारी दुपारी ते भरले. मास्तरांनी त्यावर प्रार्थना केली आणि कनातीच्या तोंडाशी स्वतःच्या सुंदर अक्षरात पाटी लावली: “हातपाय धुतल्याशिवाय आत येऊ नये.” शास्त्रात याजकांना तसेच सांगितले आहे. पाटीत शब्दाचीही चूक नव्हती. ती रस्त्यावरून वाचता येत होती, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नाही.

रविवारी गल्लीत टँकर आला नाही. आठच्या सुमारास पाटीसमोर बाया जमल्या. सुरुवातीला पाच-सहा होत्या, मग पंधरा-वीस झाल्या. कुणीतरी पाटी मोठ्याने वाचून दाखवली.

“पाय धुवायला?” एक जण म्हणाली. “इथं लेकराच्या घशाला कोरड पडून राहिली, अन् हे पाय धुऊन राहिले!”

“येवढी काय घाण लागली रे पायाला तुमच्या?”

मास्तर कनातीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. “हे पिण्याचं न्हाई. हे उपासनेचं हाय.”

“उपासनेचं पाणी वेगळ्या ढगातून पडते का, मास्तर?”

हसू फुटले, पण ते चांगले हसू नव्हते. मागच्या बाया पुढे सरकल्या. एक हंडा बांबूवर आपटला आणि कनात एका बाजूने झुकली. अधीक्षकांची गाडी दहाला यायची होती.

उपदेशक आतून आले. पांढरा सदरा, इस्त्रीचा. मास्तर त्यांच्या कानाशी बोलले, पण मी जवळ होतो. “उपदेशक, गंगाळ रिकामं दिसलं तर साहेब काय लिहितील? तुमच्यासाठी करून राहिलोत हे सगळं. आजचा एक दिवस धरा.”

उपदेशक गंगाळापाशी गेले, टांगलेला तांब्या काढला आणि परत तोंडाशी आले. पहिली घागर पुढे आली. तेवढ्यात मागून आवाज आला, “थांब गं! मंतरलेलं असंल. पिलं की बाटवलं म्हणून मोकळे.”

पुढे आलेली घागर मागे गेली. त्या दिवसांत असा एक शब्द जिल्हाभर फिरायला वेळ लागत नसे, आणि तो फिरला असता तर अर्जाचा निकाल लावायला अधीक्षकांची गरज उरली नसती. “नाही, साधं पाणी आहे,” एवढे म्हटले असते तर भागले असते. शनिवारच्या प्रार्थनेला आम्ही सातच जण होतो आणि सातही आमचेच. मास्तर उपदेशकांच्या तोंडाकडे पाहत होते.

“काल ह्याच्यावर प्रार्थना झाली,” उपदेशक म्हणाले. “खोटं सांगत न्हाई.”

“काय म्हणून प्रार्थना?” विचारणारी अप्पांची आई होती. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, हातात कळशी. गल्ली तिला आक्का म्हणे.

“पाऊस पडू दे म्हणून, आक्का. अन् आम्हाला शुद्ध कर म्हणून.”

आक्काने कळशी कमरेवर घेतली. “पावसाचं तर आमीबी महादेवाला रोज सांगून राहिलो. त्यो ऐकंना, तुमचा ऐकंना.” मग मागे वळून म्हणाली, “गंगाळ आमचं, पाणी त्यांचं. कोण कुणाला बाटवते गं? सरका.” तिने कळशी पुढे केली.

उपदेशक तांब्याने भरत राहिले. एका घरी एक घागर, याहून अधिक नाही. दोन बाया तरीही न घेता परत गेल्या. मास्तरांनी पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. साडेनऊला गंगाळाच्या तळाशी वीतभरही पाणी नव्हते, आणि तेही गढूळ.

अधीक्षक वेळेवर आले. उंच, मोजके बोलणारे, खिशात लहान वही. त्यांनी निवासमंडपाभोवती एक फेरी घातली. झुकलेली कनात पाहिली. गंगाळापाशी थांबले.

“यात पाणी का नाही?”

“दिलं, साहेब.”

“कुणाला?”

“समोरच्या गल्लीला.”

“हे इथे कशासाठी ठेवलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“हाव, साहेब.”

त्यांनी वहीत काही लिहिले.

प्रवचन अर्धा तास चालले. तक्त्यावरच्या पहिल्या पाच वस्तू उपदेशकांनी भराभर संपवल्या. गंगाळावर मात्र ते अडखळत, पण बराच वेळ बोलले. वेदीवरचे काम एकदाच झाले आणि ते दुसऱ्याने आपल्यासाठी केले, ते म्हणाले. गंगाळाशी मात्र रोज वाकावे लागते, ज्याचे त्याला. वेदीपाशी जाऊन आलेला माणूस तिथेच थांबला तर त्याचे हात राखेचेच राहतात. आणि हे गंगाळ कशाचे केले, तेही शास्त्रात आहे: मंडपाच्या दारापाशी सेवेला येणाऱ्या बायांनी आपले पितळेचे आरसे दिले, त्यांचे. म्हणजे धुवायला वाकणारा आधी स्वतःचे तोंड पाहील. “आज सकाळी आपल्या दाराशी बाया आल्या होत्या,” ते म्हणाले. “मी माझं तोंड पाहिलं. मला ते पाणी साहेबांना दाखवायचं होतं.”

एवढे स्पष्ट बोलायची गरज नव्हती, असे मला तेव्हा वाटले. मी लहानपणापासून या वस्तूंची प्रवचने ऐकत आलो होतो. प्रत्येक वस्तू कशाची तरी खूण होती, आणि खूण कळली की काम झाले, असे आम्ही धरून चालत होतो. शुद्धी हा शब्द मला पाठ होता. त्यासाठी कुणाचे काही जाते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. टँकर न आल्याची चार ओळींची बातमी मी नांदेडला पाठवली. गंगाळाचा उल्लेख केला नाही. बाटवण्याचा शब्द छापून येऊ नये, हे एक कारण होते. आपण स्वतः त्या शनिवारच्या सात जणांत होतो आणि तांब्या हाती घेतला नव्हता, हे दुसरे.

तीन आठवड्यांनी पत्र आले. उपदेशकांनी ते रविवारच्या उपासनेत वाचले, पाकीट सर्वांसमोर फोडून. अर्ज मंजूर झाला होता. लातूर नांदेडपासून वेगळे झाले. पाळक म्हणून सध्या मुदखेडला असलेल्या एका दीक्षित तरुणाची नेमणूक झाली होती. उपदेशकांनी महिनाअखेर भोकरला हजर व्हायचे होते. त्यांचा आवाज बदलला नाही. भोकरच्या ओळीवर ते थांबले, तेही चष्मा पुसण्यापुरते.

“मंडळीला पाळक मिळाला,” ते म्हणाले. “उभे राहा, आभार मानू.”

बाकांचा आवाज झाला. एकेक करून सगळे उठले. पहिल्या बाकावर मास्तर तेवढे बसून राहिले.

“मास्तर, उठा,” उपदेशक हळू म्हणाले.

“मी न्हाई उठत,” मास्तर म्हणाले. “तुमी करा प्रार्थना. मी बसूनच ऐकतो.”

उपदेशकांनी डोळे मिटले आणि नव्या पाळकाचे नाव घेऊन प्रार्थनेला सुरुवात केली.