गुड फ्रायडेचा कडू घास

खुटबावात भाड्यानं खोली घेतली तेव्हा आमच्या ह्यांनी मला बजावलं, "तोंडाला कुलूप. देवाधर्माचं कुणापाशी बोलायचं नाही." आधीच्या गावात आमच्या प्रार्थनेवरून कुरबुर झाली होती आणि भर शाळेच्या दिवसांत लेकीला घेऊन बिऱ्हाड हलवावं लागलं होतं. त्यामुळे इथं दार लावून, कुजबुजत प्रार्थना. ह्यांची नोकरी दौंडला रेल्वेत, खोली चांगली, पुन्हा सामान बांधायचं माझ्याही जिवावर आलेलं. पण मी गप्प बसणारी बाई आहे का? बाजारात कोथिंबीर स्वस्त झाली तरी चार घरी सांगते मी! आणि जगातली सगळ्यात मोठी बातमी पोटात घेऊन वर्षभर नुसती हवापाण्यावर बोलत होते. जीव गुदमरायचा नुसता.

गुड फ्रायडेला दौंडच्या चर्चमधली उपासना आटोपून परत आले. पांढरी साडी, उपास, उन्हानं उतरलेलं तोंड. घरमालकीण मावशी ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा.

"आगं बया, कोण गेलं?"

खोटं कसं बोलू? "आमचा देव, मावशी."

आणि एकदा तोंड उघडल्यावर मी कसली थांबते! त्याच्याच माणसानं त्याला कसं धरून दिलं, काही गुन्हा नसताना कसे खिळे ठोकले, सगळं सांगितलं. मावशींच्या हातातली पाकळी हातातच राहिली.

"आई हुती का त्याची?"

"होती. समोरच उभी होती."

"आरं द्येवा!" म्हणत त्यांनी पदर डोळ्याला लावला. त्यांचा धाकटा लेक हायवेवर ट्रकखाली गेला होता. मला ठाऊक होतं, तरी ह्या आईला आपण काय सांगून बसलो ते तेव्हा कळलं.

दिवेलागणीला दार वाजलं. मावशी आणि गल्लीतल्या चार बाया, हातात पिठलं-भाकरी. "चुलीला हात लावू नगंस. कडू घास हाय, खावा." मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणतात, तसा! पलीकडे बारशाचा स्पीकर लागला होता, तोही मावशींनी ओरडून बंद करवला.

एवढ्यात हे ड्युटीवरून आले. दारातली गर्दी बघून पांढरेफटक पडले. बाया गेल्यावर म्हणाले, "झालं! बांध आता भांडी." मला बोलत बोलत तीन भाकऱ्या मात्र खाल्ल्या.

गोष्ट अर्धीच राहिली होती. शनिवारी उरलेली सांगायला गेले, तर मावशी म्हणायच्या, "बोलू नगंस, लई तरास हुतो," आणि पाठीवरून हात फिरवायच्या. मी सांगणार तरी कशी?

रविवारी पहाटे आमची दौंडला निघायची गडबड. मी पिवळी साडी नेसलेली, केसात गजरा, लेक उड्या मारतेय. दार वाजलं. मावशी, हातात दुधाचा तांब्या.

"आज तिसरा दिवस न्हवं? घरात मोठं माणूस नगं का?" आणि त्यांची नजर गजऱ्यावर गेली. "आगं, तिसऱ्यालाच नटलीस? काई लाज हाय का न्हाई?"

मागून ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला राहवेना. "मावशी, तो उठला! बाया पहाटे थडग्यावर गेल्या, तर थडगं मोकळं! जिवंत आहे तो!"

मावशी बघतच राहिल्या. तांब्यातलं दूध हिंदकळलं. आता म्हणतील, खोली खाली करा.

त्या हळूच म्हणाल्या, "आन् त्याच्या आईला सांगितलं का कुनी?"

लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय, पण हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. "सांगितलं असेल, मावशी. कुणीतरी धावत गेलं असेल."

"आसंल काय? आधी तिलाच सांगाया पायजे!" त्यांनी तांब्या ह्यांच्या हातात कोंबला. "खीर करा ह्याची!" आणि पदर खोचून निघाल्या की गल्लीतून, दारं बडवत. "आगं उठा गं! त्यो उठला! तिचं लेकरू जित्तं हाय!" रडत होत्या का हसत होत्या, देव जाणे.

हे तांब्या धरून उभे. मी म्हटलं, "दार लावू का?"

"राहू दे उघडं," हे म्हणाले. आणि त्या घरात पहिल्यांदाच आम्ही तोंड भरून प्रार्थना म्हटली.