नोकरीवरून काढण्याचा सराव

नव्वदच्या दशकात, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका हिवाळ्यात माझी नोकरी इतक्या वेळा गेली की पुढे पुढे मला त्याचं काही वाटेनासं झालं. पगार वेळेवर मिळत होता. नोकरी गमावणं हेच तेव्हा माझं काम होतं.

मी मॅनेजमेंट शिकवणाऱ्या एका संस्थेत होते. काळ्या काचांची इमारत, तिच्याभोवती पार्किंग आणि पलीकडे दुसऱ्या काळ्या इमारतीचं पार्किंग. मी तक्ते बनवायचे आणि ते प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर छापून प्रोजेक्टरपाशी ठेवायचे. त्या सुमारास युरोपात बरेच नवे देश निघाले होते. तिथल्या कारखान्यांच्या मॅनेजरांना अमेरिकेत आणून बाजारपेठ म्हणजे काय ते शिकवायची टूम निघाली होती. आमच्या वाट्याला एक छोटासा देश आला. त्याचं नाव सांगत नाही. तिथे सगळेच एकमेकांना ओळखतात, उगाच कुणाला त्रास नको.

देश जेमतेम नागपूरएवढ्या वस्तीचा. झेंडा नवा, चलन नवं, आणि सरकारी धोरण असं की कारखान्यांचे शेअर कुपनं देऊन लोकांनाच वाटायचे. त्यामुळे कारखाने लोकांच्या मालकीचे झाले होते, फक्त ते चालवणं लोकांना परवडत नव्हतं. मग परदेशी गिऱ्हाईक शोधायचं, हा धोरणाचा पुढचा भाग होता.

आलेल्या मॅनेजरांमध्ये एक बाई होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या. डोंगरातल्या एका गावात गाड्यांचे वायपर बनवणारा कारखाना त्या चालवत होत्या. गावात एक कारखाना, एक चर्च आणि एक बेकरी. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या भागातल्या एका कंपनीने तो कारखाना घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच होती, निम्मी माणसं कमी करायची. न केली तर कारखाना आपोआप बंद पडणार होता आणि मग सगळीच माणसं कमी होणार होती. हा हिशेब बाईंना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

कुणाला काढायचं ते ठरलं होतं. कुणी सांगायचं, एवढंच राहिलं होतं. कंपनीचं म्हणणं, बाईंनी आमच्याकडे हे काम शिकून घ्यावं आणि पास व्हावं, मग त्यांनी सांगावं. नापास झाल्या तर कंपनी इथून आपला माणूस पाठवेल आणि तो फाटकावर यादी चिकटवून मोकळा होईल. बाईंना पास व्हायचं होतं. "माझ्या माणसांनी हे माझ्या तोंडून ऐकायला हवं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आमच्या प्रशिक्षकांनी ते 'मोटिव्हेशन: उत्तम' असं टिपून घेतलं.

हे प्रशिक्षक पूर्वी एका मोठ्या कारखान्यात माणसं काढायचं काम करत. चांगला माणूस होता. कुणाच्याही मुलांची नावं विसरायचा नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. कामगाराला ऑफिसात बोलवायचं. एक अवघड बातमी आहे, तुमची जागा रद्द झाली आहे, निर्णय अंतिम आहे, एवढं म्हणायचं. माफी मागायची नाही, कारणं द्यायची नाहीत. टिश्यूचा खोका कामगाराच्या हाताला लागेल असा ठेवायचा. दहा मिनिटांत सगळं उरकायचं. पुढे बोलत बसलं तर दोघांनाही त्रास होतो, असं ते म्हणायचे.

सरावाला कामगार हवा होता. आमच्या बॉसने माझ्याकडे पाहिलं. "तूही तशाच देशातून आलीस ना?" भारत आणि तो देश यांच्यात साम्य इतकंच होतं की बॉसला दोन्ही नकाशावर दाखवता आले नसते. पण माझा व्हिसा त्याच्या सहीवर होता. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी दार वाजवून आत गेले. बाई टेबलामागून उठल्या, पुढे आल्या आणि मला खुर्ची दिली. "कॉफी घेणार?" मी म्हटलं, नको नको. आता आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का? त्यांच्याकडेही म्हणत नसावेत, कारण त्यांनी लगेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, बरं, अर्धा कप. बाई स्वतः जाऊन कॉफी घेऊन आल्या. आता समोरच्याच्या हातात गरम कप असताना त्याला नोकरीवरून काढणं बरं दिसत नाही. बाई थांबल्या. कप संपेपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी घरच्यांची चौकशी केली. मी सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. त्यावर त्यांनी कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवायचं कबूल केलं. प्रशिक्षकांनी घड्याळ थांबवलं तेव्हा मला बढती मिळायचीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी कॉफीचं मशीन खोलीबाहेर नेलं. बाईंनी पर्समधून अक्रोडाच्या वड्या काढल्या. मला रिकाम्या हाताने घेणं जमेना, म्हणून मी माझा चिवड्याचा डबा उघडला. प्रशिक्षकांनी खाद्यपदार्थांवर बंदी घातली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी तिन्ही वाक्यं सलग म्हटली. आवाज कापत होता, पण म्हटली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून आपसूक निघालं, "असू द्या, तुमचा नाइलाज असेल. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. टिश्यूचा खोका माझ्या बाजूला होता, तो मी त्यांच्याकडे सरकवला. मग प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन समजावलं की काढलेला कामगार दोन प्रकारचा असतो, चिडणारा आणि रडणारा. मॅनेजरची समजूत घालणारा कामगार त्यांच्या अनुभवात नव्हता.

घरी नवरा रोज मजा घेत होता. "लोक इथे जॉब टिकवायला मरतायत यार, आणि तू रोज फायर होऊन येतेस. तेही धड नाही." आमची मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिने शाळेत सांगून टाकलं, "माय मॉम गॉट फायर्ड अगेन." दोन दिवसांनी तिच्या टीचरने आमच्यासाठी घरी बनवलेला केक पाठवला. आम्ही तो खाल्ला.

दरम्यान बाई नापास होत होत्या आणि परीक्षा जवळ येत होती. खरेदीदार कंपनीचे दोन साहेब ती बघायला येणार होते. एका दुपारी आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये बसलो होतो. बाहेर पार्किंगमध्ये बर्फ लोटणारी गाडी फिरत होती. बाईंनी सूप तसंच ठेवलं होतं. "कंपनीने रबर विभाग पूर्ण बंद करायचं ठरवलंय," त्या म्हणाल्या. "माझा नवरा रबर विभागात आहे. मी तुमच्यासमोर बसते तेव्हा मला तोच दिसतो." त्याला माहीत आहे का, असं मी विचारलं. "नाही. मी फोनवर त्याला रोज हवामान सांगते."

मला एकदम राग आला. कंपनीचा आला, प्रशिक्षकांचा आला, आणि थोडा बाईंचाही. मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. ते नागपूरच्या एका कापडगिरणीत होते. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांना कुणी ऑफिसात बोलावलं नाही, खुर्ची दिली नाही, अवघड बातमी आहे असं म्हटलं नाही. सकाळी ते डबा घेऊन गेले आणि फाटकाला कुलूप होतं. त्यानंतरही कितीतरी दिवस ते ठरल्या वेळेला शर्ट इस्त्री करून घराबाहेर पडायचे, कारण नोकरी गेली असं त्यांना कुणी माणसाने सांगितलेलंच नव्हतं. "तुम्हाला सांगता आलं नाही तर तुमच्या गावात तसं होईल," मी म्हटलं. मी जरा मोठ्याने बोलले असावे, शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

बाई म्हणाल्या, "पण माझ्या खोलीत आलेल्या माणसाला मी कसं काढू? तो माझ्याकडे आलेला असतो."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की सगळं तिथेच अडलंय. पाहुणा आपल्या घरी आला की त्याला चहा विचारल्याशिवाय आपला हात चालत नाही. मी म्हटलं, मग त्याला बोलावू नका, तुम्ही जा. आमच्याकडे कुणाच्या घरचं माणूस वारलं की भेटायला जातात. घरचे 'या' म्हणत नाहीत, आपणच जातो. ते चहा विचारत नाहीत, विचारलाच तर आपण घेत नाही. शेजारी बसायचं. झालं ते एकदा स्पष्ट बोलायचं, आडवळणं घ्यायची नाहीत. मग गप्प बसायचं. निघताना 'येते' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. आणि देवाची इच्छा वगैरे बोलायचं नाही. हे शेवटचं आमच्या घरचं होतं. आम्ही बौद्ध, देवावर ढकलायची सोय आमच्याकडे नाही.

"किती वेळ बसायचं?" बाईंनी विचारलं.

"शोभेल इतका."

त्या रविवारी त्या आमच्याकडे आल्या. पिठलं-भात जेवल्या आणि मग आम्ही सराव केला. मी आत सोफ्यावर बसायचे, त्यांनी बाहेरून यायचं. सुरुवातीला त्या दाराशीच फार घोटाळत होत्या. नवरा टीव्ही बघत होता, त्याला मी टीव्ही बंद करायला लावला. तिसऱ्या खेपेला बाई आल्या, माझ्या शेजारी बसल्या, आणि मला खरंच वाटलं की कुणीतरी गेलंय. नवऱ्यालाही वाटलं असावं. तो उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

परीक्षेच्या दिवशी दोन साहेब भिंतीला टेकून बसले होते. बाईंनी मला ऑफिसात बोलावलंच नाही. मी माझ्या जागेवर तक्ते लावत होते, तिथे त्या आल्या. साहेबांना खुर्च्या उचलून मागे यावं लागलं. बाईंनी शेजारची खुर्ची ओढली, प्रोजेक्टरच्या वायरी बाजूला केल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची जागा गेली. मी स्वतः सांगायला आले." एवढंच. मग त्या बसून राहिल्या. त्यांनी नजर चुकवली नाही. थोड्या वेळाने माझ्या मनगटावर हात ठेवला, उठल्या आणि गेल्या. माझे वडील मला आठवले आणि मी सगळ्यांसमोर रडले. प्रशिक्षकांनी माझ्या नावापुढे 'रिअलिस्टिक' असा शेरा लिहिला.

बाई पास झाल्या. साहेबांनी हात मिळवले. कामगाराच्या जागेवर जाऊन सांगणं, बसून राहणं, गप्प राहणं या तिन्ही गोष्टी प्रशिक्षकांना इतक्या आवडल्या की पुढच्या तुकडीच्या पुस्तकात त्यांनी त्या घातल्या. माझ्याकडून त्याचा तक्ता करून घेतला. त्यात बाण होते.

बाईंचा फोन आला तेव्हा आमच्याकडे बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. फोन ऑफिसात आला, आणि प्रशिक्षक समोरच बसलेले होते. कसं झालं ते विचार, असं ते मला खुणेने सांगत होते, कारण माहितीपत्रकात छापायला त्यांना चार चांगले शब्द हवे होते.

"सगळ्यांना सांगितलं," बाई म्हणाल्या. "फाटकावर काही लावलं नाही. मी घरोघरी गेले."

कारखान्यात नाही? मी विचारलं.

"कारखाना माझी जागा आहे ना. तिथे कॉफी द्यावी लागली असती." त्या हसल्या नाहीत. "तुम्ही सांगितलं तसंच केलं. पण एक गोष्ट मला आधी लक्षात आली नाही. तुमच्याकडे अशा घरी कुणी चहाही विचारत नाही. आमच्याकडे अशा वेळी येईल त्याला जेवायला वाढतात. न जेवता उठलं तर घराचा अपमान होतो. मी गेले की त्या घरच्या बायका आधी माझं ऐकून घ्यायच्या, मग उठून पान मांडायच्या. कुणाच्या घरून मला उपाशी पाठवलं नाही. मी सगळीकडे जेवले."

प्रशिक्षकांनी भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली, त्यांनी ती होकार समजून लिहायला घेतलं.

"आणि तुमचे मिस्टर?" मी विचारलं.

"त्याला मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी घरी गेले. दारातच वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून घेतलं. आत गेले तर तो स्वयंपाकघरात उभा होता. त्याने माझ्या एकटीसाठी पान मांडून ठेवलं होतं."