कुंकवाचे बोट लागलेली सीडी

देव्हाऱ्याखालच्या डब्यात आज एक सीडी सापडली. तिच्या छापील बाजूवर माझ्या दिवंगत पत्नीने लावलेले कुंकवाचे बोट अजून शाबूत आहे. या बोटामुळेच आमच्या संगणकावर लिनक्स चालले नाही, असे माझा पुतण्या प्रत्येक लग्नकार्यात हसून सांगतो. उत्तर द्यायला ती नाही, मी आहे.

भोकरदनला तेव्हा घरात संगणक असणे हेच नवल होते. जालन्याहून आणलेल्या मासिकासोबत लिनक्स या फुकटच्या संगणक प्रणालीची ही सीडी मिळाली. नवी वस्तू पूजेवाचून वापरायची नाही, हा घरचा रिवाज. म्हणून हिने सीडीलाही कुंकू लावले. मी ती संगणकात घातली. अक्षरे भराभर वर सरकली आणि काळ्या पडद्यावर 'login:' या शब्दापुढे एक रेघ लुकलुकत राहिली.

"काय मागून राह्यलं हे?" तिने विचारले.

"नाव."

"मंग सांगा की. लाजायलात काय?"

मी वडिलांच्या नावासह, आडनावासह पूर्ण नाव इंग्रजीत टंकले. यंत्राने ते नाकारून पुन्हा नावच विचारले. मी गोंधळलो.

"भोकरदनात तुम्हाला न वळखणारं निघालं म्हनायचं कुनीतरी," ती म्हणाली.

पुतण्याने नीट पाहावे: यंत्र वाचते ती सीडीची मागची बाजू स्वच्छ आहे. यंत्र चालत होते, विचारत होते. त्याला कोणते नाव हवे होते, हे मला आजही उमगत नाही. तिने आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली, ते 'अहो' तेवढे टंकायचे राहिले.